घटक 3 : पुणेकर आणि वैदर्भीय – दैनंदिन व्यवहारातील सांस्कृतिक भेद

3.0 उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणास :

• एकच भाषा बोलणाऱ्या दोन समाजगटांचे दैनंदिन शिष्टाचार वेगळे का असू शकतात, हे सांगता येईल.
• आग्रह, नकार, संबोधन आणि सूचना यांमागील भाषिक रचना ओळखता येतील.
• पुणे आणि विदर्भ यांच्यातील भेदाची ऐतिहासिक कारणे स्पष्ट करता येतील.
• सांस्कृतिक भेद आणि साचेबंद प्रतिमा यांतील फरक स्वतःच्या अनुभवाच्या आधारे तपासता येईल.

3.1 प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, प्रमाणभाषा आणि बोली यांचा विचार करताना आपले लक्ष मुख्यतः उच्चार, प्रत्यय आणि शब्दसंग्रह यांच्याकडे असते. प्रस्तुत घटकात आपण त्यापुढचा प्रश्न विचारणार आहोत. व्याकरण समजले, शब्दही समजले, तरी बोलणाऱ्याचे मन समजले असे म्हणता येते का?

एक कल्पित प्रसंग पाहू. अमरावतीची एक विद्यार्थिनी स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात आली आहे. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा, जवळच अभ्यासिका आणि दोन वेळची मेस, असा तिचा दिनक्रम आहे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती घरमालकीणबाईंकडे भाडे द्यायला जाते. काकू विचारतात, "चहा घेणार का?" ती घरच्या वळणाप्रमाणे म्हणते, "नको काकू, राहू द्या." काकू "बरं" म्हणतात आणि पावती लिहायला घेतात. विद्यार्थिनी खाली उतरते ती मनाशी एक वाक्य जुळवतच : पुण्याबद्दल ऐकले होते ते खोटे नाही.

पुढे काही महिन्यांनी काकू एका लग्नासाठी अमरावतीला जातात आणि आठवणीने त्या मुलीच्या घरी डोकावतात. वेळ सकाळी अकराची. त्या नाश्ता करून निघालेल्या. "जेवूनच जा" असे मुलीची आई म्हणते. काकू "नको" म्हणतात. एकदा, दोनदा, तीनदा. तरीही ताट वाढून समोर येते. परतताना काकूही मनाशी एक वाक्य जुळवतात : माणसे चांगली आहेत, पण समोरच्याचे ऐकतच नाहीत.

या दोन्ही भेटींत कोणी कोणाशी वाईट वागले नाही. दोघींनी आपापल्या परीने उत्तम सौजन्यच दाखवले. तरीही दोघींच्या मनात तक्रार राहिली. ती का राहिली, हे समजून घेणे हा या घटकाचा विषय आहे.

3.2 विषय विवेचन

3.2.1 'नको' या शब्दाची दोन कार्ये

कोशात 'नको' या शब्दाचा अर्थ सरळ नकार असा सापडेल. वरील प्रसंगात मात्र हा शब्द दोन वेगळी कामे करतो. पुण्यातील काकूंच्या दृष्टीने 'नको' ही माहिती आहे. पाहुणीला चहा नको आहे; तिच्या इच्छेचा मान राखायचा तर पुन्हा विचारू नये. विदर्भातील घरात पहिले 'नको' ही बहुधा माहिती नसते. तो संभाषणातील एक ठरलेला टप्पा असतो. पाहुण्याने संकोच दाखवावा, यजमानाने तो मोडून काढावा, पाहुण्याने पुन्हा किंचित आढेवेढे घ्यावेत आणि मग ताटावर बसावे, असा हा क्रम असतो. यजमान पहिल्याच नकारावर थांबला, तर त्याचे विचारणे वरवरचे होते असा अर्थ निघतो.

भाषाभ्यासक पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी सौजन्याविषयीची आपली प्रसिद्ध मांडणी 1978 मध्ये प्रथम केली आणि 1987 मध्ये ती स्वतंत्र ग्रंथरूपाने आली. त्यांच्या अभ्याससामग्रीत इंग्रजीबरोबर दक्षिण भारतातील तमिळ आणि मेक्सिकोतील त्सेल्ताल या भाषाही होत्या. त्यांच्या मते प्रत्येक माणसाच्या दोन सामाजिक गरजा असतात. आपल्या मोकळिकीत कोणी अडथळा आणू नये, ही एक. आणि आपण इतरांना हवेहवेसे वाटावे, ही दुसरी. पहिली गरज जपणाऱ्या वागण्याला आपण 'मोकळीक जपणारे सौजन्य' म्हणू, तर दुसरी जपणाऱ्या वागण्याला 'जवळीक दाखवणारे सौजन्य'. कोणत्याही समाजात ही दोन्ही आढळतात. कोणत्या प्रसंगी कोणते पुढे करायचे, हे मात्र प्रत्येक समाज आपापल्या परंपरेने ठरवतो.

आता वरील प्रसंग पुन्हा वाचा. काकूंनी मोकळीक जपली. मुलीला तो दुरावा वाटला. आईने जवळीक दाखवली. काकूंना ती सक्ती वाटली. देणाऱ्याने एक नाणे दिले आणि घेणाऱ्याने ते दुसऱ्याच चलनात मोजले.

3.2.2 प्रश्नार्थ, आज्ञार्थ आणि विध्यर्थ

हा भेद केवळ वृत्तीचा नसून वाक्यरचनेतही दिसतो. पुढील तीन वाक्ये पाहा.

(अ) जेवणार का?
(आ) जेवूनच जा.
(इ) बेल एकदाच वाजवावी.

पहिले वाक्य प्रश्नार्थी आहे. प्रश्नाला दोन उत्तरे असू शकतात, म्हणून त्यात समोरच्याला निवड आहे. दुसरे वाक्य आज्ञार्थी आहे. शिवाय त्यातील 'च' हे अव्यय निवडीची वाट बंद करते. व्याकरणाच्या पुस्तकात आज्ञार्थ हा अधिकाराचा सूर मानला जातो. इथे मात्र तोच प्रेमाचा सूर होतो. 'जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही' या वाक्यात तर शब्दशः धमकीच आहे. ज्याला ती ऐकवली जाते, तो मात्र त्या घरात आपले स्थान पक्के झाले असे समजतो.

तिसरे वाक्य पुण्यातील पाट्यांच्या वळणाचे आहे. पुणेरी पाटी हा आता विनोदाचा स्वतंत्र प्रांत झाला असला, तरी भाषेचे विद्यार्थी म्हणून आपण तिच्या क्रियापदाकडे पाहावे. 'वाजवावी', 'लावू नये', 'चौकशी करू नये' ही विधानाची रूपे कोणा एकाला उद्देशून नाहीत. त्यांत 'तू' नाही, 'तुम्ही'ही नाही. नियम भिंतीवर लिहिला की तो प्रत्येकाच्या तोंडावर बोलावा लागत नाही, आणि तोंडावर बोलताना येणारी कटुता टळते, असा त्यामागील विचार आहे. दुपारी 1 ते 4 दुकान बंद असल्याची पाटी याच प्रकारातील होय.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. दुपारची विश्रांती ही पुण्याचीच मिरासदारी नाही. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या पुढे जाणाऱ्या नागपूर-अकोल्याकडे दुपारी रस्ते ओस पडतात आणि माणसे कूलरसमोर आडवी होतात. विश्रांती दोन्हीकडे आहे. भेद इतकाच, की पुण्यात ती लिहून जाहीर केली जाते. जो नियम तिकडे सर्वांना ठाऊक असतो, तो इकडे लेखी होतो. आणि लेखी झालेला नियम बाहेरून आलेल्या वाचकाला स्वतःवरचा रोष वाटतो.

3.2.3 संबोधने, शब्द आणि सण

संबोधनांतही हाच धागा सापडतो. विदर्भात 'काकाजी', 'मामाजी' अशी 'जी' जोडलेली नात्यांची संबोधने अनोळखी वडीलधाऱ्यांसाठीही सहज वापरली जातात आणि बरोबरीच्या पुरुषाला 'भाऊ' म्हटले जाते. पुण्यातही 'काका', 'काकू', 'दादा' आहेतच. पण त्याबरोबर नुसत्या आडनावाने हाक मारण्याची जुनी रीतही आहे. 'काय कुलकर्णी, आज उशीर?' यात अनादर नाही, उलट बरोबरीचा स्नेह आहे. नात्याच्या शब्दाची सवय असलेल्या कानाला मात्र ती हाक कोरडी वाटते. उलट, विदर्भात मुलामुलींसाठी सहज येणारे 'पोट्टा', 'पोट्टी' हे शब्द पुण्यातील ऐकणाऱ्याला उद्धट वाटतात; बोलणाऱ्याच्या मनात त्या वेळी केवळ आपलेपणा असू शकतो.

व्याकरणातील भेद अधिक फसवे असतात. 'मला', 'तुला' यांऐवजी 'मले', 'तुले' ही रूपे किंवा 'डोळा'ऐवजी 'डोया' हा उच्चार ऐकल्याबरोबर वेगळा म्हणून ओळखू येतो, त्यामुळे तेथे गैरसमज होत नाही. 'मी जेवून राहिलो' हे वाक्य मात्र पाहा. विदर्भात त्याचा अर्थ 'मी जेवतो आहे' असा आहे. ही रचना हिंदीच्या 'रहा हूँ' या रचनेशी समांतर आहे. पुण्यातील श्रोता 'जेवून' हे पूर्वकालवाचक रूप मानतो आणि जेवण आटोपून हा माणूस तिथेच थांबला, असे समजतो. शब्द दोघांचेही ओळखीचे आहेत, म्हणूनच चूक लक्षात येत नाही.

स्वयंपाकघरातही असेच घडते. विदर्भात 'सांबार' म्हणजे कोथिंबीर. तिच्यापासून होणारी सांबारवडी ही तिकडची आवडती वडी. पुण्यातील मुलाला 'सांबार' म्हटल्यावर इडलीसोबतची वाटी आठवते. 'बटाटा' तिकडे 'आलू' होतो आणि 'पातेले' 'गंज' होते. पुण्यात पोहे बहुधा ओल्या खोबऱ्याने आणि कोथिंबिरीने सजतात, तर नागपुरात त्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री ओतली जाते.

सणांकडे पाहिले, की भेदाच्या खाली असलेले साम्यही दिसू लागते. पुण्यात भाद्रपदात गौरी येतात. विदर्भात त्याच दिवसांत महालक्ष्मी बसतात. पुण्यात आश्विनात मुली हत्तीच्या चित्राभोवती फेर धरून भोंडला खेळतात. विदर्भात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत भुलाबाई असते. दोन्हीकडे मुलींची गाणी, दोन्हीकडे सासर-माहेर, आणि दोन्हीकडे शेवटी डबा हलवून 'आज खाऊ काय' हे ओळखण्याचा खेळ. नाव वेगळे, तिथी वेगळी. पण सांगाडा एकच.

स्वयंअध्ययन प्रश्न – 1

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
1. 'जेवूनच जा' या वाक्यातील 'च' कोणते कार्य करतो?
2. 'मी जेवून राहिलो' या वाक्याचा विदर्भातील अर्थ कोणता?
3. पाटीवरील विध्यर्थी वाक्यात संबोधित व्यक्ती का दिसत नाही?

3.2.4 भेदाची ऐतिहासिक पार्श्वभूमी

एकच भाषा असताना असे भेद कसे निर्माण झाले? याचे एक मोठे कारण राजकीय इतिहासात आहे. 1818 मध्ये पेशवाई संपली आणि पुणे मुंबई इलाख्यात गेले. वऱ्हाड त्या काळी निजामाच्या अमलाखाली होते. 1853 मध्ये ते इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि 1903 मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले. नागपूरकर भोसल्यांचे राज्य 1854 मध्ये खालसा झाले आणि 1861 मध्ये नागपूर हे नव्या मध्य प्रांताचे मुख्य ठिकाण बनले. त्या प्रांतात मराठी आणि हिंदी भाषक एकाच प्रशासनात होते. कचेरी, बाजार आणि रेल्वे या सर्व ठिकाणी हिंदीशी रोजचा संबंध होता.

पुढे 28 सप्टेंबर 1953 रोजी नागपूर करार झाला, 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. म्हणजे 1818 ते 1956 या 138 वर्षांत पुणे आणि विदर्भ एकाच राज्यकारभारात नव्हते. शाळा, न्यायालय, नोकरी आणि बदली यांची वर्तुळे वेगळी होती. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडात (1905) वऱ्हाड आणि मध्य प्रांतातील बोलींची स्वतंत्र नोंद आहे, हे या पार्श्वभूमीवर स्वाभाविक ठरते.

दुसरे कारण वस्तीच्या रचनेत शोधता येते. पुण्याच्या पेठांतील वाड्यांत एका चौकाभोवती अनेक बिऱ्हाडे राहत. नळ एक, जिना एक, भिंत सामाईक. अशा दाटीत दुसऱ्याच्या दारात न डोकावणे, वेळ विचारून जाणे आणि नियम ठरवून घेणे ही शांततेने जगण्याची गरज होती. विदर्भात गावे दूर होती. उन्हातून अंतर तोडून आलेल्या पाहुण्याला पाणी आणि जेवण न विचारता देणे हीही गरजच होती. शिष्टाचार हा पुष्कळदा अशा जुन्या गरजांचा उरलेला ठसा असतो. गरज संपते, ठसा राहतो आणि त्यालाच आपण 'स्वभाव' म्हणू लागतो.

3.2.5 व्यापक संदर्भ

हा प्रश्न केवळ मराठी माणसांचा नाही. युरोपीय संघात 2004 पासून नेदरलँड्स आणि स्लोव्हाकिया हे दोन्ही देश एकत्र आहेत आणि कामाच्या निमित्ताने दोन्हीकडील माणसे शेजारी येतात. डच माणसाकडे जायचे तर वेळ आधी ठरवण्याची रीत आहे. मत स्पष्ट सांगणे हा तिथे प्रामाणिकपणा मानला जातो. डच वाढदिवसाला उत्सवमूर्तीबरोबर तिच्या आईवडिलांचे आणि भावंडांचेही अभिनंदन करतात. स्लोव्हाक घरात दाराशीच पादत्राणे काढतात आणि यजमान पाहुण्याला घरातल्या चपला देतो. खाण्यापिण्याचा आग्रह होतो. तिथे वाढदिवसाबरोबर नामदिवसही पाळला जातो. दिनदर्शिकेत बहुतेक तारखांना एखादे नाव छापलेले असते. दोन्ही भाषांत मराठीतील 'तू' आणि 'तुम्ही'सारखी दोन सर्वनामे आहेत, पण 'तू'वर केव्हा यायचे याचे संकेत वेगळे आहेत. भाषा वेगळी, देश वेगळा. तरीही 'विचारून द्यावे की न विचारता द्यावे' हा प्रश्न सदाशिव पेठेतल्या आणि अमरावतीच्या घरातल्यासारखाच आहे.

3.2.6 साचेबंद प्रतिमेची मर्यादा

'पुणेकर कंजूष', 'वैदर्भीय ऐसपैस' अशी विधाने ऐकायला सोपी आणि सांगायला रंजक असतात. त्यांचा दोष असा, की ती पुराव्याने बदलत नाहीत. भेदाचे वर्णन आणि प्रतिमा यांत हाच फरक आहे.

पुढील प्रश्न विचारून पाहा. 'पुणेकर' म्हणजे कोण? पेठांतील जुने रहिवासी, कसबा पेठेतील कारागीर, छावणी भागातील व्यापारी, मार्केट यार्डातील हमाल, पिंपरीतील कामगार की हिंजवडीत नोकरी करणारे तरुण? विनोदातला पुणेकर हा बहुधा काही पेठांतील मध्यमवर्गीय, उच्चवर्णीय गृहस्थ असतो. त्याच्या नावावर सगळे शहर खपवले जाते. 'वैदर्भीय' म्हणतानाही बुलढाण्याचे वऱ्हाड आणि भंडारा-गडचिरोलीकडील झाडीपट्टी एकाच पिशवीत घातली जाते.

शिवाय एकच समाज प्रसंग बदलताच दुसरे सौजन्य वापरतो. चहाला एकदाच विचारणारे पुण्यातील घर लग्नाच्या पंगतीत मात्र जिलबीचा असा आग्रह करते, की पानावर आडवा हात धरूनही वाढपी ऐकत नाही. आणि विदर्भातील तरुण नोकरीसाठी पुण्यात दहा वर्षे राहिला, की तोही फोन केल्याशिवाय कोणाकडे जात नाही.

3.2.7 भेद आणि प्रतिष्ठा

विद्यार्थी मित्रहो, इथपर्यंत आपण दोन पद्धती समान पातळीवर ठेवून पाहिल्या. प्रत्यक्षात त्या समान पातळीवर नाहीत. चहाच्या बाबतीत चूक कोणाची, यावर दोघी हसून वाद घालू शकतात. 'मले' आणि 'मला' यांच्या बाबतीत तसे होत नाही.

1831 मध्ये मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला, 1836 मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण आले. कोश, व्याकरण, पाठ्यपुस्तके आणि वृत्तपत्रे यांच्याद्वारे जी प्रमाणभाषा घडली, तिच्यात पुण्याकडील शिक्षित वर्गाच्या बोलण्याला मोठे स्थान मिळाले. त्यामुळे त्या वर्गाचे बोलणे 'शुद्ध' ठरले आणि इतरांचे 'गावंढळ'. कोणतीही बोली मुळातच शुद्ध वा अशुद्ध नसते. 'मले'मध्ये 'मला'इतकेच व्याकरण आहे.

आपल्या उदाहरणातील विद्यार्थिनीकडे पुन्हा वळू. पहिल्या महिन्यात अभ्यासिकेत कोणी तिच्या 'करून राहिली'वर हसते. दुसऱ्या महिन्यात ती वाक्य मनात दुरुस्त करून मग बोलते. सहाव्या महिन्यात ती गटचर्चेत कमी बोलू लागते. वर्षाने घरी गेल्यावर आजीशी बोलताना तिच्या तोंडून 'मला' निघते आणि आजी म्हणते, "पुण्याची झाली का?" आजी हसत असते. पण आता मुलीला दोन्ही ठिकाणी आपले बोलणे तपासावे लागते.

हे नुकसान कोणत्याही हिशेबात दिसत नाही. चहा मिळाला नाही तर पुढच्या वेळी मिळेल. बोलण्याचा आत्मविश्वास गेला, तर परीक्षेच्या मुलाखतीपासून नात्यापर्यंत सर्वत्र त्याची किंमत मोजावी लागते. म्हणून सांस्कृतिक भेदांचा अभ्यास हा केवळ कुतूहलाचा विषय ठरत नाही. आपणांपैकी काहींनी अशी दुरुस्ती सोसली असेल, काहींनी ती केली असेल, आणि अनेकांनी दोन्ही केले असेल. प्रमाणभाषा शिकावी, लेखनात ती वापरावी. त्यासाठी घरची भाषा खाली ठेवावी लागते, हा समज मात्र सोडून द्यावा.

स्वयंअध्ययन प्रश्न – 2

अ) योग्य पर्याय निवडा.
1. वऱ्हाड मध्य प्रांताला ............ मध्ये जोडले गेले. (1853 / 1861 / 1903)
2. भुलाबाईची सांगता ............ होते. (दसऱ्याला / कोजागरीला / दिवाळीला)

आ) थोडक्यात उत्तर लिहा.
साचेबंद प्रतिमा आणि भेदाचे वर्णन यांत कोणता फरक आहे?

3.3 सारांश

पुणे आणि विदर्भ यांच्या दैनंदिन शिष्टाचारात दिसणारा भेद हा सौजन्याच्या कमी-अधिक प्रमाणाचा नसून सौजन्य कोठे ठेवले आहे याचा आहे. पुण्यात ते बहुधा समोरच्याची मोकळीक जपण्यात, तर विदर्भात जवळीक दाखवण्यात आढळते. प्रश्नार्थ, आज्ञार्थ आणि विध्यर्थ यांच्या वापरातून हा भेद भाषेत उमटतो. 1818 ते 1956 पर्यंतचे वेगळे राज्यकारभार, हिंदीचा सहवास आणि वस्तीची रचना ही त्याची काही कारणे होत. भेदाचे वर्णन करताना वर्ग, जात, परिसर आणि प्रसंग यांचे भान सुटले, की त्याची साचेबंद प्रतिमा होते. प्रमाणभाषेला मिळालेल्या प्रतिष्ठेमुळे हा भेद काहींसाठी केवळ गमतीचा, तर काहींसाठी आत्मविश्वासाचा प्रश्न बनतो.

3.4 पारिभाषिक शब्द

मोकळीक जपणारे सौजन्य : समोरच्याच्या वेळेत, इच्छेत वा निर्णयात हस्तक्षेप न करता दाखवलेला आदर.
जवळीक दाखवणारे सौजन्य : समोरची व्यक्ती आपली आहे हे आग्रहाने, नात्याच्या शब्दाने वा कृतीने दाखवणे.
साचेबंद प्रतिमा : एखाद्या गटाविषयी रूढ झालेली, अनुभवाने सहसा न बदलणारी समजूत.

3.5 स्वयंअध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न 1 – अ) 1. 'च' निवडीची शक्यता बंद करून आग्रह व्यक्त करतो. 2. मी जेवतो आहे. 3. विध्यर्थी रूप कोणा एकाला उद्देशून नसून सर्वांसाठी नियम सांगते, म्हणून.

प्रश्न 2 – अ) 1. 1903. 2. कोजागरीला. आ) भेदाचे वर्णन पुराव्याने आणि प्रसंगानुसार बदलते, साचेबंद प्रतिमा पुराव्याने बदलत नाही.

3.6 क्षेत्रीय कार्य

1. आपल्या परिसरात दुसऱ्या जिल्ह्यातून येऊन स्थायिक झालेल्या एका व्यक्तीशी बोला. येथे आल्यावर कोणता शब्द वापरणे तिने थांबवले आणि का, याची नोंद तिच्याच शब्दांत, दुरुस्ती न करता करा.

2. आपल्या घरी आठवडाभरात आलेल्या पाहुण्यांना चहा वा जेवण कोणत्या वाक्याने विचारले गेले, ते लिहून ठेवा. किती वाक्ये प्रश्नार्थी होती आणि किती आज्ञार्थी, याची यादी करा. कोणत्या पाहुण्यासाठी कोणते वाक्य आले, हे पाहिल्यावर आपल्या घरातील सौजन्याचे संकेत आपल्याला दिसू लागतील.